पोतनीसांचा अर्धा आणा

उज्जैनहून आल्यापासून जो भेटतो तो दर्शन कसं झालं एवढंच विचारतो. मी महाकालाला गेलेच नाही असं सांगितलं की समोरचा विषय बदलतो, आणि मग मलाही पुढचं सांगायचा धीर होत नाही. म्हणून हे लिहून काढते आहे. मी गेले होते एका तांब्याच्या नाण्यासाठी, आणि ते नाणं ज्यांच्याकडं होतं त्या दिनकरराव पोतनीसांसाठी.

साताऱ्यात माझा दातांचा दवाखाना आहे. दवाखान्याबाहेरचा माझा वेळ जुन्या नाण्यांत जातो. त्यातही इंग्रजी अमलातली, आणि त्यातही टकसाळीत नमुना म्हणून काढलेली. ही नाणी बाजारात फिरण्यासाठी नव्हतीच. नवा साचा कसा उतरला ते वरच्या साहेबाला दाखवायला साचा आरशासारखा घोटून मोजकी नाणी ठोकायची आणि मखमलीवर ठेवायची. कुणाच्या कनवटीला ती लागली नाहीत की कुणाच्या गल्ल्यात पडली नाहीत. त्यांचं सगळं मोल त्या न शिवलेल्या अंगात असतं. चांदीवर वर्षानुवर्षं चढत गेलेली निळी-जांभळी झाक, तांब्यावरचा टकसाळीचा मूळ लाल रंग एकदा पुसला की गेलाच. मग नाणं फक्त धातूचा तुकडा उरतो.

हे सगळं मला दादांनी शिकवलं. दिनकररावांना सगळेच दादा म्हणतात. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारात खजिन्याकडं होते. दादा स्वतः रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. आमची ओळख इंदूरच्या एका नाण्यांच्या प्रदर्शनात झाली आणि पुढं फोनवर वाढत गेली. त्यांच्याकडचा राणी व्हिक्टोरियाचा अर्धा आणा, अठराशे बासष्टचा, मी तेव्हा पाहिला होता. महूच्या छावणीतल्या एका जुन्या घराचं सामान विकलं गेलं तेव्हा तो त्यांच्या हाती लागला होता. असा लाल, असा ताजा तांब्याचा नमुना मी त्यानंतर कुठंच पाहिला नाही.

गेल्या वर्षभरात हे फोन विरळ झाले होते. भाद्रपदात अचानक त्यांचा फोन आला. आवाज थोडा सावकाश, पण स्वच्छ. "डॉक्टर, एकदा येऊन सगळं पाहून जा. कोणाच्या हाती द्यायचं ते ठरवू या. मुलीला तर यात बिलकुल रस नाही."

मी तिकीट काढलं.

देवास गेट

इंदूरहून बसनं उज्जैनच्या देवास गेट स्टँडवर उतरले तेव्हा पाऊस असा पडत होता की थांबेलसं वाटत नव्हतं आणि जोरही धरत नव्हता. छत्री बसमध्येच राहिली. आठवण झाली तेव्हा बस वळून गेली होती. ई-रिक्षावाला म्हणाला, "माताजी, श्राद्ध करवाने आई हो? सीधे घाट छोड़ दूँ?" पितृपक्ष चालू होता. रस्त्यावर मुंडन केलेली डोकी, ओली धोतरं, पत्रावळींचे गठ्ठे. आमच्याकडंही पितृपक्षात कुणी नवं काही घेत नाही, पण ते घरापुरतं. इथं सगळं शहरच कुणाचं तरी श्राद्ध करत असल्यासारखं दिसत होतं. मी दादांचा फ्रीगंजचा पत्ता सांगितला.

दार काकूंनी उघडलं. कुसुमकाकू म्हणजे दादांच्या पत्नी. फोनवर मागून त्यांचा आवाज यायचा तेवढीच ओळख. बारीक बाई, केस घाईनं बांधलेले. माझ्या हातातली ओली पिशवी घेत म्हणाल्या, "पहिले चाय घ्या. बातें काय, होत राहतील." आणि मग हळूच, "ते बहुत खुश आहेत आज. तुम्ही येणार म्हणून सकाळपासून तयार होऊन बसलेत."

दादा खरंच तयार होऊन बसले होते. कडक इस्त्रीचा सदरा, केस नीट विंचरलेले. "या डॉक्टर. सफर कशी झाली? तकलीफ नाही ना झाली?" सगळं पूर्वीसारखं. फक्त सदऱ्याची बटणं एका घरानं चुकली होती.

काकूंनी पोहे आणले. आमच्याकडं पोह्यांवर खोबरं आणि लिंबू. इथं त्यात बडीशेप, वर मूठभर शेव आणि शेजारी गरम जिलेबी. आंबट-तिखटाला सरावलेल्या माझ्या जिभेला गोडाची ही सोबत पहिल्या घासाला खटकली, दुसऱ्याला आवडली. त्या दिवसातली तेवढीच गोष्ट मला निर्भेळ आनंदानं आठवते.

खाणं झाल्यावर दादांनी कपाटातून मखमलीचे ट्रे काढले. मी पिशवीतून भिंग घेतलं, हात पुसून कोरडे केले. पहिला ट्रे चांदीच्या रुपयांचा.

रुपये चकाकत होते. नव्या चमच्यासारखे.

मला वाटलं, दादा गंमत करताहेत. प्रदर्शनात ठेवतात तसल्या नकला आधी दाखवून माझी परीक्षा घेताहेत. एक उचलून भिंगाखाली धरला. राजाच्या गालावर, दाढीवर, मोकळ्या जागेवर केसासारख्या बारीक रेघांचं जाळं. दुसरा, तिसरा, पुढचा ट्रे, त्याच्या पुढचा. सगळ्यांवर तेच. कितीतरी वर्षं दर रविवारी फोनवर ज्यांच्या रंगांची वर्णनं मी ऐकली होती ते सगळे रंग गेले होते. एका रुपयाच्या कडेच्या अक्षरांत पांढरी भुकटी अडकून राहिली होती. ती मी ओळखली. दंतमंजन. त्यानं दात झिजतात म्हणून मी रोज कुणाला ना कुणाला ओरडते.

"कसे दिसतायत?" दादांनी विचारलं. चेहऱ्यावर कौतुकाची वाट पाहणाऱ्या माणसाचं हसू.

मी काकूंकडं पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

"छान," मी म्हटलं.

स्वयंपाकघरात मी त्यांना गाठलं तेव्हा माझा आवाज चढला होता. "काकू, हे कोणी केलं?"

"त्यांनीच. रोज बेसिनशी उभे राहून घासतात."

"आणि तुम्ही घासू दिलंत?"

काकूंनी गॅस बारीक केला. "वर्ष होऊन गेलं, दिमाग साथ देत नाही त्यांचा. डॉक्टरांनी सांगितलंय, वाढतच जाणार. पहिले घरातून निघून जायचे. एकदा देवास गेटला एका उभ्या बसमध्ये जाऊन बसले, शाळेत जायचंय म्हणून. पूर्ण दिवस शोधत होतो आम्ही. मग एक दिवस हे नाणी काढून बसले आणि धुवायला लागले. तासंतास. बाहेर जायचं नाव नाही." त्या माझ्याकडं वळल्या. "मला काय ठाऊक नव्हतं, असं नका समजू. लग्न झाल्यापासून ऐकत आले, हात नको लावू, फुंकर नको मारू. ठाऊक होतं, त्यांच्या आयुष्यभराची मेहनत पाण्यात चालली. पण ते घरात होते ना."

"मग मला फोन..."

"मीच लावून दिला. बाजूला बसून एक-एक वाक्य सांगत गेले."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. रागावायला कुणीच उरलं नव्हतं.

राम घाट

दुसऱ्या दिवशी सकाळी पावसानं उघडीप दिली. काकूंना सगळ्या कामांतून जरा सुटका मिळावी म्हणून मी दादांना घेऊन राम घाटावर गेले. क्षिप्रा गढूळ, फुगलेली, खालच्या पायऱ्या पाण्याखाली. जिथं तिथं पिंडं, तीळ, दर्भ, आणि मुलांची बोटं धरून उभ्या असलेल्या म्हाताऱ्या. आमच्या कृष्णेच्या घाटावर श्राद्धाला आलेला माणूस जरा आडोसा शोधतो. इथं गुजराथेतला, राजस्थानातला माणूस मांडीला मांडी लावून आपापल्या मेलेल्यांची नावं मोठ्यानं घेत होता, आणि त्यात कुणालाही संकोच वाटत नव्हता.

लोक पाण्यात नाणी टाकत होते. कमरेएवढ्या पाण्यात उभे असलेले दोघे-तिघे दोरीला बांधलेलं लोहचुंबक फेकून ती परत ओढत होते. दादा थांबून पाहत राहिले.

"यात जुनं काही मिळत असेल का हो?" मी विचारलं. त्यांना बोलतं ठेवायचं होतं.

"नाही मिळणार," ते लगेच म्हणाले. "चुंबकाला चिकटतं ते आजकालचं, लोखंडाचं. चांदी, तांबं चुंबकाला येत नाही. ते खालीच राहणार, गाळात."

वर्गात सांगावं तसं, एकही शब्द न चुकता. माझ्या मनात खुळी आशा आली. काकू घाबरल्यात, वाटतं तितकं काही बिघडलेलं नाही. मी चहा घ्यायला टपरीकडं वळले, पैसे दिले, मागं पाहिलं तर दादा नव्हते.

आधी पाण्याकडंच पाहिलं. धावत एका टोकापर्यंत गेले, परत आले, माणसांना विचारत सुटले, "सफेद शर्ट, चश्मा, बूढ़े बाबा..." तिथं प्रत्येक तिसरा माणूस तसाच होता. शेवटी दिसले. एका पंडितासमोर पाटावर मांडी घालून, हातात दर्भ घेऊन बसलेले. गोत्र त्यांनी बरोबर सांगितलं असावं, कारण पंडित पुढचं विचारत होता, "पिताजी का नाम?"

"दिनकर."

"और आपका शुभ नाम?"

"दिनकर. दिनकर पोतनीस."

पंडितानं मान वर केली. "बाबूजी, जिनका स्वर्गवास हुआ है, उनका नाम बोलिए."

"तेच सांगतोय," दादा मराठीत म्हणाले. मग माझ्याकडं पाहून, अगदी सौम्यपणे, "यांना समजत नाहीये. तुम्ही सांगा."

पंडितानं माझ्याकडं पाहिलं. त्याला परिस्थिती कळली. त्यानं दादांच्या हातातला दर्भ हळूच काढून घेतला आणि त्यांच्या ओंजळीत थोडं पाणी घातलं. "हो गया बाबूजी. अब घर जाइए." मी दक्षिणा पुढं केली तर हातानंच नको म्हणाला.

परतताना रिक्षात मी दादांचा हात घट्ट धरून ठेवला होता, आणि तो सोडायची हिंमत घराच्या दाराशी आल्यावरही झाली नाही.

फ्रीगंज

त्या दुपारी दादा झोपले होते. काकूंनी मला आतल्या खोलीत बोलावलं. पलंगाखालून त्यांनी महालक्ष्म्यांची पेटी ओढली, आमच्याकडं ज्यांना गौरी म्हणतात त्या. मुखवटे बाजूला करून तळाच्या खणाच्या घडीतून एक छोटी डबी काढली आणि माझ्या हातात दिली.

आत अर्धा आणा होता. तोच, तसाच. मी तो खिडकीशी नेला. पावसाळी, मळकट उजेडातही त्याचा लाल रंग आतून आल्यासारखा वाटत होता. राणीच्या केसांची बट न् बट, झग्यावरचं भरतकाम, मागच्या बाजूची वेलबुट्टी. कुठंही बोट लागल्याची खूण नाही. कालपासून मी जे पाहत होते त्यानंतर हे पाहून मला रडूच आलं.

"एवढा एक वाचवला मी," काकू म्हणाल्या. "ते म्हणायचे, बाकी सगळं एकीकडं आणि हा एकीकडं. तुम्ही घेऊन जा. यासाठीच बोलावलं तुम्हाला. इथं राहिला तर आज ना उद्या त्यांच्या हाती लागेल."

मी नको म्हटलं नाही. हेही लिहायला हवं. घेताना मनात दुःख होतं, पण केवळ दुःखच नव्हतं. असा नमुना पुन्हा नजरेला पडणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. डबी मी पर्समध्ये ठेवली, आतल्या कप्प्यात, चेन लावून.

दिवस कलला आणि दादा उठले. चहा घेतला. मग इकडंतिकडं पाहत म्हणाले, "अर्धा आणा कुठंय?"

"असेल ना कपाटात," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज मला वेगळा वाटला. पुढं काय होणार हे त्यांना पाठ होतं.

दादांनी कपाट उघडलं, ट्रे काढले, एकेक नाणं बाजूला सारलं. "नाहीये. तू घेतलास."

"मी कशाला घेईन?"

"तूच घेतलास. डॉक्टर, या बाईनं घर साफ करून टाकलंय माझं. चोर आहे ही."

ते आतल्या खोलीत गेले. काकूंच्या साड्या ओढून खाली टाकल्या, औषधांचा डबा उलटा केला, उशीचा अभ्रा काढला. काकू मागून एकेक वस्तू उचलत होत्या. दादांनी त्यांचा दंड धरून त्यांना गदागदा हलवलं. "सांग! कोणाला विकलास?" मी मध्ये पडले तर मलाही ढकललं. त्या हातांत एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. काकूंची बाही वर सरकली तेव्हा दंडावरचे जुने, पिवळे पडलेले वळ दिसले.

"रोज असं?" मी विचारलं.

"होतं थोडी देर," काकू म्हणाल्या. "मग विसरतात."

पर्स माझ्या खांद्यालाच होती. मी चेन उघडली. काकूंनी पाहिलं आणि जोरानं मान हलवली, नको, नको. मी डबी काढून दादांच्या समोर धरली.

त्यांचे हात एकदम सैल झाले. त्यांनी डबी उघडली. काही क्षण ते नाण्याकडं नुसते पाहत राहिले, आणि मला वाटलं, आता ठेवतील. पण ते बेसिनकडं गेले. तिथं वाटीत चिंच भिजत घातलेली होती. बहुधा रोजच असायची. त्यात त्यांनी मीठ घातलं आणि अंगठ्यानं राणीच्या चेहऱ्यावर चोळायला लागले.

मी दारात उभी राहून ते पाहिलं. चिंचेचं तपकिरी पाणी बोटांवरून खाली ओघळत होतं. दीडशे वर्षं जे कुणी पुसलं नव्हतं ते तांबड्या फेसातून बेसिनच्या जाळीत गेलं. दादा गुणगुणत होते. किती छान गुणगुणतात ते मला माहीतच नव्हतं.

धुऊन, सदऱ्याला पुसून त्यांनी नाणं माझ्यापुढं धरलं. गुलाबी, उघडं पडलेलं तांबं. "बघा डॉक्टर. आता कसा साफ चेहरा दिसतोय."

"हो दादा," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी घरात कुणी ओरडलं नाही. काकूंनी भुट्ट्याचा कीस केला, दुधात शिजवलेला, वर कोथिंबीर. दादांनी दोनदा मागून घेतला. काकू जेवताना माझ्याकडं पाहत नव्हत्या. मी ठरवून केलं ते योग्य की त्यांनी वर्षभर जपलेली एकमेव गोष्ट मी एका क्षणात उधळली, हे मला तेव्हाही कळत नव्हतं, आताही कळत नाही. झोपायला जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "चला. आता विचारलं की निदान हातावर ठेवता येईल."

सकाळी मी निघायच्या तयारीत होते. दादा चहाला आले, बसले, आणि कप उचलायच्या आधीच म्हणाले, "अर्धा आणा कुठंय?"

काकूंनी पदराच्या गाठीतून नाणं काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. जवळजवळ हसतच.

दादांनी ते दोन बोटांनी कडेला धरलं. उठून खिडकीशी गेले. उजेडात तिरपं केलं, फिरवलं, उलटं करून पाहिलं. त्यांच्या हालचालीत कुठंही घाई नव्हती, गोंधळ नव्हता. मग परत येऊन त्यांनी ते चहाच्या कपाशेजारी टाकलं.

"हा नव्हे," ते म्हणाले. "हा कुणीतरी घासलाय. खराब करून टाकलाय पूर्ण." आणि माझ्याकडं वळून, "असला माल कोणी फुकट दिला तरी घेऊ नका, डॉक्टर."

मला काकूंकडं बघवेना. त्या टेबलाची कड धरून उभ्या होत्या. "बघा," त्या हळूच म्हणाल्या, "नाणं बरोब्बर ओळखलं त्यांनी."

दादा उभे राहिले. "माझा कुठंय? तू घेतलास."

काकूंनी दादांच्या आजही चुकलेल्या बटणांना हात घातला, एकेक काढून नीट लावायला घेतलं आणि म्हणाल्या, "हो. मीच घेतला."

दादा थबकले. इतक्या दिवसांत हे उत्तर त्यांना कधी मिळालं नसावं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा निवळला. "पाहिलंत? शेवटी कबूल केलं तिनं." मग खुर्चीवर बसून, गार झालेला चहा ते शांतपणे प्यायले.

साताऱ्याला परत आल्यापासून रविवारी मीच फोन करते. दादांना माझं नाव आता आठवत नाही, म्हणून काकूंशीच बोलते. परवा विचारलं, ते अजून अर्धा आणा मागतात का.

"मागतात ना, रोज," काकू म्हणाल्या. "मी सांगते, मीच चोरला."

"मग?"

"मग काय. कधी माफ करतात, कधी नाही करत."